तिसरी रांग, डावीकडून

नावं नंतर द्या, मी म्हणाले, आधी उभं राहायचा नकाशा द्या.
तीत सरांनी खिशातून घडी काढली, उलगडली :
निळ्या पेन्सिलीनं वरचे आवाज, तांबड्यानं खालचे,
कोपऱ्यावर कॉफीचा गोल डाग,
आणि तेवीस देशांतली चारशे सहा मुलं
टिंबं होऊन उभी, खांद्याला खांदा.

तार्तूत जूनमध्ये रात्र अशी होतच नाही.
अकरा वाजतासुद्धा नदीवर उजेड होता,
मुलं झोपायला तयार नव्हती,
पुलावर उभं राहून एकमेकांच्या भाषेत
शिव्या शिकत होती.
बक्षीस वाटपापर्यंत कुणालाच ताप नव्हता.
निदान कुणी तसं सांगितलं नाही.

गाणं म्हणजे तरी काय,
छातीत भरून घेतलेली हवा
समोरच्याच्या अंगावर सोडायची.
तीत सर शिकवायचेच तसं :
पोटातून घ्या, खोल, अजून खोल,
शेजाऱ्याचा श्वास ऐका,
त्याचा संपेल तिथं आपला सुरू करा,
मध्ये फट राहता कामा नये.
गोवराला याहून नीट
कुणी काही समजावलं नसतं.

खोकणारं मूल निघून गेल्यावरही
दोन तास तो खोलीत थांबतो.
हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा बोलले
की जेवताना नवऱ्यानं विचारलं,
उर्वे, कोण थांबतो?

पुरळ उठलं ते कानामागून,
आणि तोवर सगळे आपापल्या घरी.
मी फोन लावत गेले.
बर्गनच्या एका बापानं लसीच्या तारखा
पाढ्यासारख्या म्हणून दाखवल्या.
पोर्तोची बाई म्हणाली, पण आमची तर पहिली आली!
केप कोस्टच्या बाईंनी माझ्याआधीच यादी केली होती,
माझ्या यादीपेक्षा ती बरी होती.
दोघांनी फोन ठेवून दिला.
वर्तमानपत्रवाल्याला एकच हवं होतं :
कुठल्या देशातून आला?
मी म्हटलं, तिसऱ्या रांगेतून. डावीकडून.
त्यानं ते छापलं नाही.

मुलं घरोघरी उतरली होती.
सूपवाडीत, जिथं गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत,
वाटाणा गल्लीतल्या पिवळ्या घरात
कुतायसीचा बाचाना होता, अकरा वर्षांचा.
मेरिकेची हिली तेव्हा सात महिन्यांची,
लसीला पाच महिने उरलेली.
तो तिला कडेवर घेऊन
स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचा
आणि आपल्या वाट्याच्या ओळी तिला ऐकवायचा,
नुसत्याच खालच्या आवाजाच्या,
ज्या एकट्यानं म्हटल्या
तर गाणं वाटत नाहीत.

वॉर्डात मेरिके काचेला कपाळ टेकून उभी होती.
हिलीच्या नाकात नळी.
मी कागद सावरत होते, काय बोलावं सुचेना,
तर तीच म्हणाली,
त्याला यातलं काही सांगू नका.
आणि हो, त्याचा एक मोजा राहिलाय इथं,
हिरवा, धुऊन ठेवलाय.
पत्ता असेल ना तुमच्याकडे?

पत्ता होता. माझ्याकडे सगळ्यांचेच होते.

कुतायसीला फोन लागला संध्याकाळी,
मध्ये दुभाषी, तिबिलिसीहून.
मी ताप विचारला, डोळे विचारले,
उजेड सोसतो का विचारलं.
बाचानानं सगळ्याची उत्तरं दिली, शहाण्यासारखी,
मग त्यानं विचारलं,
हिली कशी आहे?

मी म्हटलं, तिला दात आला.
हे खरं होतं. खालचा, मंगळवारी, वॉर्डातच,
नर्सनं बोट घालून पाहिलं होतं.

दुभाष्यानं तो दात पलीकडे पोचवेपर्यंत
चार-पाच सेकंद गेले.
मग तिकडं कुणीतरी हसलं,
त्याचं नव्हे, दुसऱ्याच कुणाचं हसू,
हसता हसता खोकलं,
आणि माझ्या हातानं, मला न विचारता,
कागदाच्या कडेला वेळ लिहिली.