दोन घरं उजवीकडे

आज पाण्याची रात्र. पाचवा दिवस.
विडी घरकुलात कुणी झोपलेलं नाही.
नळ नुसता फुसफुसतोय, खाली बादली,
आणि टेबलाशी मी, मोबाईलचं नेट जोडून,
काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतोय
पुतणीनं, श्रीलतानं, कॅलेंडरच्या मागं लिहून दिलेली.
पासवर्ड टाकताना एक ठिपकाही उमटत नाही.
पहिल्यांदा वाटलं होतं, कीबोर्ड मेला.

एकशे एकोणचाळीस पॅकेजेस. कर्नल, फर्मवेअर, मेसा.
हा कर्नल फौजेतला नाही, एवढं आता कळतं.
मेसा म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा दुभाष्या, ती म्हणाली.
घरात तेलुगू, पेढीवर मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी,
मला दुभाष्या काय सांगायचा!
फुकट आहे का, विचारलं.
उघडा आहे, काका. कुणीही आत बघावं.

मी ग्राफच्या कागदावर वाढलेला माणूस.
बारीक ब्रश, लाल शाई, चौकोनाला घर म्हणायचं.
एका मोराला नऊ हजार घरं.
चुकलं की ब्लेडनं खरवडायचं, कागद पातळ व्हायचा,
आणि अप्पा तो उजेडापुढं धरून मोजायचे,
किती वेळा खोटं बोललास.

मागच्या उन्हाळ्यात मोराच्या मानेवर चीर दिसली.
आडवी, केसाएवढी.
तिच्या वरचं सगळं डोकं दोन घरं डावीकडे.
मी ते दोन घरं उजवीकडे घेतलं. सेव्ह केलं. निजलो.

अक्कलकोट रोडच्या मागावर बारा डझन टॉवेल निघाले,
प्रत्येकावर मान मोडलेला मोर.
गड्डमशेठ काही बोलले नाहीत,
एक टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून आत गेले.
मी बोललो. पंचवाल्या मल्लेशमला, चार माणसांत.
भोकं मोजता येत नसतील तर भजी तळ म्हणालो.
दिलंस तेच पाडलं, एवढंच तो म्हणाला.
तेव्हापासून चहाला येत नाही.

एकसष्ट टक्के. नेट थांबलं. मोबाईल खिडकीच्या गजात ठेवला,
पुन्हा चालू. पंख्याची हवा भट्टीची.
मग रीस्टार्ट, आणि पडदा काळा.
काळाच.
बायको दारातून बघून गेली. मी डबा बंद करून उघडला,
यादीतून नवा सोडून जुना कर्नल निवडला,
थोरल्याला विचारावं तसं. उजळला.

श्रीलता फोनवर होती. म्हणाली, बदल करणाऱ्यानं लिहून ठेवलंय:
टोकाचं घर दोनदा मोजलं जात होतं,
ही चूक मागच्या वर्षी माझ्याच हातून झाली,
आता काढली.
खाली नाव?
आहे की. पूर्ण नाव.
कुठल्या गावचा? ते नाही लिहिलेलं.

मी जुनी फाइल उघडली.
चीर नाही. कुठेच नाही. झूम केलं, नाही.
पडदा पहिल्यांदाच खरा बोलतोय
आणि मोराचं डोकं मानेपासून सुटून
दोन घरं उजवीकडे.
माझ्या हातानं. तारीखसुद्धा आहे.

"नीळ्ळु वच्चिनय!" बायको ओरडली,
आणि नळ आधी खोकला, मग लाल, मग पांढरा आला.
बादल्या, पिंप, कळशी, शेवटी पातेलीसुद्धा.
फरशीवर सांडलं ते मी त्याच टॉवेलनं पुसलं,
मोराची मान पिळली, पुन्हा पुसलं.

सव्वातीन.
मल्लेशमचं घर तीन ओळी सोडून.
त्याच्याकडंही पाण्याचीच रात्र,
दिवा असेल.
फाइल उघडीच ठेवलीय. अजून काही सरकवलेलं नाही.
चप्पल ओली आहे.