काठाचं पान

पुण्याच्या नर्सरीतल्या पोराने पाटी वाचून दाखवली:
व्हेरिगेटेड सी होली.
दाजी पेठेत पोचेपर्यंत
नावातलं निम्मं एसटीत सांडलं.
होळी? शेजारचा इरय्या म्हणाला,
श्रावणात कसली होळी ओ?
राजव्वाने कुंडी फिरवून पाहिली:
काट्याला पैसे मोजलात?
रुळांच्या कडेला फुकट मिळतो की.

मिळतो. उंटकटारा,
हिप्परग्याच्या वाटेवर मीही पाहिलाय.
पण या पानाला काठ होता.
हिरव्या अंगाला सायीच्या रंगाची किनार,
थंडीत ती गुलाबी होते म्हणे.
एकतीस वर्षं सूत रंगवलं मी.
काठ वेगळा हवा तर दोन कढया लागतात, दोन जाळ,
आणि तरी एखादी लडी डागाळतेच.
याने एकाच पाण्यात कसं जमवलं?

काळी माती नको. ती पाणी धरून बसते,
भावकीतलं जुनं बोलणं धरावं तसं.
रंगाचा रिकामा डबा घेतला,
बुडाला खिळ्याने सात भोकं,
मुरूम, रेती, विटांचा चुरा.
शेण नाही, खत नाही.
पोट भरलं की हे झाड लोळतं,
उपाशी ठेवलं की ताठ.
मूळ एकच, गाजरासारखं सरळ खाली;
एकदा बसवलं की हलवायचं नाही.
हे मला लगेच पटलं.
आमच्या आजोबांना करीमनगराहून एकदाच हलवलं होतं,
तीन पिढ्यांना पुरलं तेवढं.

समुद्र मी पाहिलेला नाही.
माझ्याकडे तो पोत्यातून यायचा,
पन्नास पन्नास किलो,
रंगाने सुताला धरावं म्हणून.
कारखाना सुटला तरी
तळहाताच्या भेगांत चुरचुरत राहिला.
तसल्याच एका रिकाम्या पोत्यावर डबा ठेवला,
गच्चीवर, टाकीच्या सावलीबाहेर.
समुद्राचं झाड ना तू?
घे, एवढाच आहे.

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर.
पानं कागदासारखी वाजायला लागली.
दुपारी बारा ते चार
मोराची फाटकी चादर दोरीवर,
त्याच्यापुरती.
पाणी पहाटे, एक तांब्या, तोही रोज नाही.
राजव्वा म्हणाली, माझ्या बाळंतपणात
एवढं घड्याळ बघितलं नव्हतंत.

पावसात बुडातून एक फुटवा आला.
कोरा हिरवा. काठ नाही.
आठवड्यात दुप्पट.
पोरगा फोनवर म्हणाला, काका, तो मुळातून काढा,
नाहीतर सगळं झाड साधं होऊन जाईल.
कात्री घेतली तर राजव्वा मागे उभी:
जो धडधाकट आहे त्यालाच कापायचं?

मागावर पाहिलंय मी,
एक पत्ता चुकला की नक्षी जाते,
कापड मात्र मजबूतच निघतं.
हे तिला सांगितलं नाही.
कापला.
आणि मुळाचा तुकडा,
ती खाली गेल्यावर,
मोरीमागच्या मुरुमात पुरला.

गड्ड्याच्या जत्रेत, दात वाजणाऱ्या पहाटे
दांड्याने रंग धरला.
आधी देठ, मग काटे, मग बोंडाएवढा गोंडा.
इरय्या मफलर गुंडाळून वर आला:
हा निळा?

शेडकार्डात याला नंबर नाही.
कढई धुताना
पहिलं पाणी शाईसारखं जातं,
दुसरं मळकट.
तिसऱ्या पाण्याला जो येतो, तो हा,
जो मी एकतीस वर्षं
गटारात सोडत आलो.

मोरीमागचा हिरवा आता गुडघ्याएवढा आहे.
त्याला कुणी चादर धरत नाही.
राजव्वाचा पदर रोज त्याला अडकतो.
ती वाकते, तेलुगूत शिव्या घालते,
आणि सोडवते,
काटा न मोडता.