अठरा मिनिटं

नकाशावर पट्टी ठेवली तर सत्तेचाळीस किलोमीटर.
रस्त्यानं जायचं तर आधी उलट्या दिशेनं
तानाच्या पुलापर्यंत खाली,
मग फ्योर्डला वळसा, मग उघडं पठार,
तिथं बर्फ कापणाऱ्या गाडीमागे रांग लावायची,
तीनशेच्या वर जातं सगळं मिळून,
आणि फाटक बंद असेल तर मोजूच नये.

विमानानं, अठरा मिनिटं.
वाऱ्याची मर्जी असली तर सोळा.

सोलफ्रिड बर्लेवोगच्या बुटक्या मनोऱ्यात बसते.
धावपट्टीवर रेनडियर आले की एगिलला जीप घेऊन पिटाळते,
दोन पंख्यांचं विमान उठलं की फोन उचलते:
सुटलं. नऊ बेचाळीस.
पलीकडून, मेहामनच्या मनोऱ्यातून:
नऊ बेचाळीस. समजलं.

पलीकडे योरुन असते.
योरुन सोलफ्रिडची पाठची बहीण.
अकरा वर्षं दोघी एवढंच बोलतात.

बापाच्या होडीवरून फाटलं.
म्हणजे होडी कुणाची यावरून नाही,
विकताना कुणी कुणाला विचारलं नाही, त्यावरून.
होडी आता बोट्सफ्योर्डला आहे,
हिरवी होती, तिसऱ्याच कुणीतरी पांढरी केली.

अठरा मिनिटांत सीटबेल्टचा दिवा विझत नाही.
कॉफी मिळत नाही.
दातांचा डॉक्टर अर्धा वॉफल खातो, अर्धा खिशात ठेवतो.
हामरफेस्टच्या इस्पितळाकडे निघालेली मारेत
पोटावर हात ठेवून दोन कळांमधलं अंतर मोजते,
तिला विमानाचं घड्याळ चालत नाही, तिचं वेगळं आहे.
मागच्या रांगेत फुटबॉलची पोरं, हरून आलेली, गप्प.
आणि सोलफ्रिडचे दोन शब्द या सगळ्यांच्या पुढे
तारेतून केव्हाच पोचलेले असतात.

डिसेंबरात एकदा,
सूर्य नोव्हेंबरातच गेलेला,
दुपारी एकला निळं, दोनला काळं,
विमान तेरा दहाला सुटलं. समजलं.
तेरा अठ्ठावीसला फोन वाजला नाही.
तेरा चाळीसला वाजला.

उतरलं नाही.
परत फिरतंय?
अजून एकदा बघतो म्हणतोय.
वारा?
वायव्य. अडतीस. झोत पन्नासचे.

मग दोघींनी फोन ठेवायला हवा होता.
कुणीच ठेवला नाही.
तारेत वारा होता, की तो श्वास होता,
सोलफ्रिडनं कान बदलला.
बाहेर एगिल सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता,
चौथी काडी, पाचवी.

आणि पलीकडे शिट्टी सुरू झाली.
आधी बारीक, मग चढत,
मग वरच्या सुरावर अडखळून
ठसका लागल्यासारखी तुटणारी.
जगात अशी एकच किटली.
आईनं चोच दगडावर आपटली होती तिची,
त्या वर्षी कॉड आलाच नाही,
आणि घरात कुणालाच कशाचं कारण विचारायचं नव्हतं.

सोलफ्रिडला वाटलं होतं, किटली भंगारात गेली.
घर रिकामं करताना शोधली होती तिनं,
कुणाला न सांगता, दोनदा.

शिट्टी चालूच होती.
योरुनचे डोळे काळ्या आभाळात असणार,
दोन दिवे शोधत.
सोलफ्रिड म्हणाली,
किटली उतरव, जळेल.

पलीकडे खुर्ची सरकली.
शिट्टी थांबली.
बराच वेळ काही नाही, मग इंजिनांची घरघर,
लांबून, मग जवळून.

उतरलं. चौदा दोन.
चौदा दोन. समजलं.

रात्री नोंदवहीत रकाने भरायचे होते.
सुटलं, तेरा दहा.
पोचलं, चौदा दोन.
उड्डाण, बावन्न मिनिटं.
शेवटचा रकाना उशिराच्या कारणाचा, अगदी अरुंद,
त्यात सोलफ्रिडनं पेन टेकवलं, उचललं,
टेकवलं तिथे शाईचा ठिपका राहिला.
त्याच्या शेजारी लिहिलं:
वारा.