उरलेल्या रक्ताचं काय

सूरच्या इस्पितळात रात्रपाळीला
संशोधनाचा फॉर्म आला, बारा पानांचा.
चहाच्या खोलीत आम्ही तिघी, कागदी कपात करक.
नाकातोनं तो सगळा वाचला, मागचं बारीक अक्षरसुद्धा,
आणि पेनाला टोपण लावलं.
"उरलेल्या रक्ताचं काय करता, ते कुठे लिहिलंय?"

मस्कतहून आलेला डॉक्टर चांगला होता, खरंच.
म्हणाला, शून्याखाली ऐंशी अंशांवर जपून ठेवतो.
"किती वर्षं?"
त्यानं चष्मा पुसला.

तिचा जुळा भाऊ, वास्वा.
त्याला सिकल आईकडूनही आला, बापाकडूनही.
हिला एकीकडूनच.
कंपालात परक्या डॉक्टरांनी तीनदा नेलं त्याचं रक्त.
"रक्त विमानात बसलं," ती म्हणते,
"तो कधीच नाही. साधं पत्रही आलं नाही."

झुवैनाचं दुखणं निराळं.
तिची पणजी झांझिबारहून गलबतातून आली
की आणली गेली, घरात कुणी विचारत नाही.
"नळीत सगळंच निघेल ना?
मग उद्या लेकीच्या सासरी कोण वाचेल ते?"
लग्नाआधीची तपासणी मात्र हवीच म्हणते,
दोन भाचे पुरलेत तिनं.
"सिकल सांगा. गाव सांगू नका."

मी गप्प. मी धडगावची.
आश्रमशाळेत ओळीनं उभं करून टोचली होती आमची बोटं,
मग हातात कार्ड: अर्धं पांढरं, अर्धं पिवळं.
बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी
आई ते कणगीत दडवायची, ज्वारीखाली.

नऊ नंबरचा पोरगा कण्हला.
नाकातो उठली. वरचा दिवा लावला नाही.
तिच्यासारख्याच काळ्या त्या हातावर
शीर डोळ्यांनी शोधत नाही ती,
बोटाच्या टोकानं शोधते, तांदळात खडा लागावा तशी.
पहिल्याच टोचणीत लागली.
लुगांडात काहीतरी पुटपुटली,
पोरगा अरबीत हो म्हणाला.

परत आल्यावर तिनं सही केली नाही,
फॉर्म फाडलाही नाही.
समासात एक ओळ लिहिली, चार्टवर लिहितो तशा सुट्या अक्षरांत:
काय सापडलं ते परत येऊन सांगणार असाल
तर घ्या.

"माझ्यावरही लिही," झुवैना म्हणाली,
"गावाचं वेगळं लिही, ठळक."

मी बॅगेची चेन ओढली.
कार्ड घडीवर फाटलंय.
शिक्का अजून निळा.