चतुःसीमा

विट्याच्या कोर्टामागं, पत्र्याच्या शेडखाली
मालन मुळीक एकवीस वर्षं टाईप करतेय.
अर्ज, कैफियत, शपथपत्र, मुदतीचा अर्ज.
तिच्या मशीनचा ळ अडकतो,
म्हणून तिच्याकडून गेलेल्या प्रत्येक कागदावर
'मूळ मालक' जरा वर उचललेला असतो,
तिचं आडनावही.

माझा पहिला दावा तिनंच दुरुस्त केला.
सांगलीहून पदवी घेऊन आलो होतो,
कोटाला अजून दुकानाचा वास.
"वकीलसाहेब, दाव्याला कारण कधी घडलं ते घाला,
नाहीतर फेटाळतील."
घातलं.

ऑफिसात पणजोबांची सनद आहे, काचेत,
एक कोपरा वाळवीनं नेलेला.
मॅट्रिकसुद्धा नव्हते.
आठ वर्षं एका वकिलाची दप्तरं वाहिली,
मग संस्थानात परीक्षा दिली
आणि उभे राहिले.
मालन बारावी. दप्तरं तिनंही वाहिली.
फक्त ती परीक्षा आता कुठं होत नाही.

यंदा तिनं स्वतःचाच दावा लावला, वाटपाचा.
भाऊ सेलमला गलाईत, सोनं वितळवतो;
आईच्या नावची जागा परस्पर विकून मोकळा.
भावाचा वकील मी.

कैफियतीची मुदत संपायची त्या दिवशी
लाईट नव्हती. झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर मेलेला.
चालू होतं एकच मशीन.
तिनं काही न बोलता कार्बन घातला.
दुसऱ्या पानावर थांबली.
"पूर्वेला रस्ता नाही, ओढा आहे. रस्ता उत्तरेला.
चतुःसीमा चुकली की तुमचं सगळंच जातंय."
मी तिच्याकडं बघत राहिलो.
"माझ्या विरोधातलं असलं म्हणून काय,
जागा तीच आहे की."
पानाचे तीसच घेतले.

पुकारा झाला. साहेबांनी वर न बघता विचारलं,
वादीचे वकील?
"मीच, साहेब. माझ्यापुरती."
बोटांना कार्बनची निळाई तशीच.
अर्धा तास बोलली, कुठं अडखळली नाही,
फक्त 'मूळ' म्हणताना
आवाज जरा वर जायचा.
भाऊ अंगठी फिरवत बसला.
मी या पायावरून त्या पायावर.

निकाल पुढच्या तारखेला.
बाहेर आलो तर शेडखाली एक म्हातारा
चार घड्यांचा सातबारा उलगडत होता,
"वकीलबाई, एवढं बघा की."

"मी वकील नाय," ती म्हणाली.
"बसा. नाव सांगा."