वहिवाट

पत्ता काढला तो कुडाळच्या सायबर कॅफेत,
दोन हजार सातच्या मे महिन्यात.
कॅफेचे तासाला वीस रुपये, पत्ता मात्र फुकट.
सुनेत्रा मेतर नावाची कुणीतरी जगात आधीच होती,
म्हणून तिथल्या मुलाने माझ्या नावामागे जन्मसाल चिकटवलं.
पासवर्ड काय ठेवू, म्हणाला.
मी होडीचं नाव सांगितलं.

होडी विकली. नाव राहिलं.
मग निवतीला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधल्या
आणि त्या पत्त्यावरून बेळगाव-सांगलीची माणसं
आमच्या खळ्यात यायला लागली.
मासे ताजे असतात का, कमोड आहे का,
खोलीतून समुद्र दिसतो का.
दिसतो. माडांमधून, तुकड्यातुकड्याने.

समुद्रावर जायची आमची वाटही तशीच,
परुळेकरांच्या बागेतून.
कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही,
पन्नास वर्षं पाय पडत राहिले, वाट झाली.
बाबा म्हणायचे, वहिवाट आहे आपली.
परवा सातबारा काढून पाहिला,
त्यात वाट नव्हती.
बाग विकली गेली होती, आणि एका सकाळी
चिऱ्यांचा गडगा उभा. छातीएवढा.

त्याच आठवड्यात पडद्यावर लाल पट्टी:
जागा भरली. पैसे भरा,
नाहीतर यापुढे पत्रं येणार नाहीत.

पैशांचं काही नाही.
पण बाबांना परळच्या हॉस्पिटलात नेलं त्या वर्षी
तारखांची पत्रं यायची,
आणि त्यांच्या शेजारी, अगदी खेटून,
केसांच्या टोपांच्या जाहिराती.
आम्ही वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं.
बाबांनासुद्धा नाही.
त्या पेटीला कळलं होतं.

फुकटची होडी म्हणजे वल्हां दुसऱ्याच्या हातात,
हे बाबांचंच. खोताच्या होडीविषयी म्हणायचे.
मी ते ऐकत वाढले
आणि अठरा वर्षं फुकटच्या होडीत बसले,
मजेत बसले, खोटं कशाला बोलू.

हेरंबने, भाच्याने, नवा पत्ता काढून दिला.
वर्षाचे पैसे: एका बऱ्यापैकी सुरमईचे.
पावती आली. ती मी दोनदा वाचली.
कुळाच्या हातात पहिल्यांदा पावती पडली असेल
तेव्हा त्यानेही अशीच दोनदा वाचली असेल,
वाचता येत असलं तर.

रेंज फक्त मांगराच्या पायरीवर.
तिथे लॅपटॉप घेऊन रात्रभर आम्ही
अठरा वर्षं उचलून इकडची तिकडे ठेवली.
वीज दोनदा गेली. डास होते.
पहाटे हेरंब म्हणाला, मावशी, ह्यात निम्म्या तर
सेलच्या जाहिराती आहेत गो.
असू दे, म्हटलं. आण.

मग सगळ्यांना कळवलं.
बँकेला, गॅसवाल्याला.
वीज मंडळाने तीनदा विचारलं, मी मीच का.
बहारीनच्या भावाने 'छान केलंस' असं लिहिलं,
जुन्याच पत्त्यावर.

एकाला कळवता आलं नाही.
भुसावळचे, रेल्वेतले कुणी गृहस्थ होते,
दोन दिवस राहून गेले.
त्यांनी बाबांचा फोटो काढला होता,
मांडीवर जाळं, कवळी काढलेली, हसताना.
हसतानाचा दुसरा फोटो नाही आमच्याकडे.
पाठवतो म्हणाले, तिकिटाच्या मागे माझा पत्ता लिहून घेतला.
जुना. जन्मसालासकट.
त्यांचं नाव ज्या वहीत होतं ती वाळवीने खाल्ली.

म्हणून जुना पत्ता बंद केला नाही.
काहीबाही पुसून थोडी जागा करून ठेवलीय.
महिन्यातून एकदा उघडते, होडीचं नाव टाकून.
भुसावळहून काही नसतं.

नव्या मालकाने गडग्यात खालच्या अंगाला
एक फट सोडलीय. पाणी जायला असेल.
ओहोटीला मी तिथूनच उतरते समुद्रावर,
साडी आवरून, आडवी होऊन.