पासंग

बॅरोमध्ये, बंद पडलेल्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी सात वाजता मी एक जग चालवते.
दिवसा केमिस्टकडे मागच्या बाजूला गोळ्या मोजते,
अठ्ठावीस, छप्पन, लेबल, पिशवी.
रात्री मोजते ते इतकं सरळ नसतं.

टेबलावर व्हिनेगर लागलेले कागद, वीस बाजूंचे फासे,
आणि दोन माणसं,
ज्यांचा तोल मला चार महिने साधत नाहीये.

इमोजेन जादूगार. वय बावीस.
पहिल्या पायरीवर तिच्याकडे एकच मंत्र होता.
तो संपला की मागे उभी राहून दगड भिरकवायची;
मांजरीनं ओरबाडलं असतं तरी संपली असती.
तिच्या पुढे क्लिफ असायचा.
क्लिफ गोदीत पाणबुड्या जोडतो, वेल्डर, तीस वर्षं.
इथेही त्यानं तेच मागून घेतलं :
ढाल, तलवार, पुढची जागा.

आता सगळे सातव्या पायरीवर आहेत.
इमोजेन बोट उचलते, दरी पेटते.
कुलूप तिला उघडतं, भिंत तिला वाट देते,
मेलेला पहारेकरी उठून तिला रस्ता सांगतो.
क्लिफ फासा टाकतो. म्हणतो, "मारतो."
लागलं. आठ.
पुढचं कोण?

मी काय काय केलं नाही!
मंत्रांना रक्ताची किंमत लावली; इमोजेन तीन दिवस बोलली नाही.
क्लिफला एका फेरीत दोन वार दिले.
आता तो दोनदा म्हणायचा, "मारतो."
त्याला तेजाळ तलवार दिली,
तेव्हा हळूच म्हणाला,
"म्हणजे जादू माझ्याकडेही आली. तलवारच चांगली, मी नाही."
मला भाजल्यासारखं झालं.

बार्शीला आमच्या दुकानात तागडी रिकामी असतानाच कलायची.
बाबांनी हलक्या पारड्याला सायकलचा एक नट बांधला होता.
गिऱ्हाईक संशयानं बघायचं.
बाबा म्हणायचे, आधी रिकामं पारडं बघा,
मग माल.

पुढच्या गुरुवारी मी अंडी उकडायचा टायमर नेला,
मांडीवर लपवून.
इमोजेन : एकतीस मिनिटं.
क्लिफ : चार.
त्यातलं एक, चहा कुणाला हवाय म्हणून.

म्हणजे खोट माझ्या हातात होती.
तिला मी विचारत होते : धूर कुठल्या रंगाचा? शब्द कुठल्या भाषेतला?
आग उतरल्यावर काय उरलं?
त्याला फक्त आकडा.

मग विचारलं. वेंगुर्ल्याच्या मावशीनं विचारावं तसं, सोडायचंच नाही.
क्लिफ, ढाल कुठल्या हातात?
"डाव्या. उजवा खांदा दुखतो."
का?
तो थांबला. चिप्सचा कागद घडी करत राहिला.
"कारण वर हात करून काम केलंय, आडव्या पत्र्याखाली.
ठिणग्या कॉलरमध्ये जातात. त्याला सवय आहे."
कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.
मग दार आलं. लोखंडी.
इमोजेननं ओठ हलवायला सुरुवात केली होती
आणि क्लिफ म्हणाला, "थांब. सांधा बघू दे."
त्या सांध्याबद्दल तो सहा मिनिटं बोलला,
कुठे घाईनं जोडलंय, कुठे आत पोकळ आहे,
ज्यानं केलं तो नवा होता की घाबरलेला.
इमोजेननं पुस्तक मिटलं.
फासा कुणीच टाकला नाही.

सगळं जमलं असं नाही.
काल इमोजेन आठव्या पायरीवर गेली. उडायला शिकली.
किल्ल्याच्या तटावरून ती पलीकडे गेली, हसत,
आणि खाली क्लिफ एकटा.
वॉल्नीच्या बाजूनं आलेला वारा खिडकी हलवत होता.
तटाची उंची माझ्या वहीत होती, चाळीस फूट. बाकी काही नव्हतं.

"दगड कसला?" त्यानं विचारलं.
मला माहीत नव्हतं.
मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, हात लावून सांग.